घड्याळ लंडनचं, घर जठारपेठेतलं



या सदरात आपण आजवर कामाच्याच गोष्टी बोलत आलो आहोत. रेशन कार्डात नाव कसे चढवावे, जात पडताळणीला कोणकोणते कागद लागतात, चार पैसे पोस्टात ठेवावेत की बँकेत, असे विषय झाले. आजचा विषय जरा लांबचा वाटेल. लंडनला सकाळचे दहा वाजतात तेव्हा अकोल्यात किती वाजलेले असतात? कोणी म्हणेल, आपल्याला काय करायचे लंडनचे घड्याळ? गेल्या वर्षीच्या जून महिन्यापर्यंत मीही तेच म्हणत होतो.

झाले असे. जठारपेठेत आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. पोरगी हुशार. पदवी झाल्यावर तिने इंग्लंडच्या एका विद्यापीठात अर्ज केला. प्रवेश मिळाला तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी खटपट करायची, असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले होते. एक दिवस मुलाखतीचे पत्र मोबाईलवर आले. मुलाखत घरी बसूनच, कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर. वेळ लिहिली होती, सकाळी दहा, बी.एस.टी.

पोरीची आई पत्राचा कागद घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "भाऊ, तुमी तं हिशेबाचे मानूस. पोरीले किती वाजता बसाले लागते ते नीट सांगा बाप्पा."

मी बी.कॉम. झालेला. वीस वर्षे कचेरीत आकडेमोड करतो आहे. स्पर्धा परीक्षांच्या काळात पाठ केलेले वाक्य तोंडावरच होते, भारताची वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. बी.एस.टी. म्हणजे ब्रिटनचा स्टँडर्ड टाइम, असा अर्थ मी माझ्याच मनाने लावला. दहात साडेपाच मिळवले. म्हटले, "दुपारी साडेतीन वाजता. सव्वातीनलाच बसू द्या तिला."

पोरगी नवा ड्रेस घालून सव्वातीनला बसली. शेजाऱ्यांनी टी.व्ही. बंद ठेवला. आईने कामावरून सुट्टी घेतली. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले, पडद्यावर कोणीच येईना. चार वाजता तिने पत्रांची पेटी उघडून पाहिली. तीन वाजता आलेले एक पत्र तिथे पडले होते. आपण मुलाखतीला हजर नव्हता, असे त्यात लिहिले होते. मुलाखत अडीच वाजता होती. बी.एस.टी. म्हणजे ब्रिटिश समर टाइम, उन्हाळ्याची वेळ. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक साडेपाचचा साडेचार तास होतो. हे मला ठाऊक नव्हते.

पोरगी मला एक शब्द बोलली नाही. "काका, असू द्या," एवढेच म्हणाली. तेच मला जास्त लागले. तिने माफीचे पत्र लिहिले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, असे उत्तर आले. माझ्या एका तासाच्या चुकीने तिचे एक वर्ष गेले. त्या दिवसापासून मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला बसलो. जे समजले ते आज तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या लेकराचे वर्ष असे जायला नको.

आधी मुळाशी जाऊ. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत एक फेरी मारते हे आपण शाळेत शिकलो. आपल्या वऱ्हाडातले संत्रे घ्या आणि सोला. त्याला दहा-बारा फोडी असतात. पृथ्वीच्या चोवीस फोडी आहेत असे माना. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे. त्याला २४ ने भागले की एक फोड १५ अंशांची. पृथ्वी एका तासात एक फोड पुढे सरकते. म्हणजे १५ अंशांना एक तास आणि एका अंशाला चार मिनिटे. सगळा विषय या एका गणितात आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी दिसतो. पूर्वेकडच्याचे घड्याळ पुढे, पश्चिमेकडच्याचे मागे. हे एक वाक्य लेकरांकडून पाठ करून घ्या.

आता या हिशेबाने पाहिले तर प्रत्येक गावाची वेळ वेगळी निघते. अकोला साधारण ७७ रेखांशावर आहे. ७७ गुणिले ४ म्हणजे ३०८ मिनिटे, म्हणजेच ५ तास ८ मिनिटे. ग्रीनिचपेक्षा अकोल्याचा सूर्य इतका पुढे. अमरावतीचा ५ तास ११ मिनिटे, मुंबईचा ४ तास ५१ मिनिटे, कोलकात्याचा ५ तास ५३ मिनिटे. पूर्वी असेच होते. ज्या गावात सूर्य डोक्यावर आला, त्या गावात बारा वाजले. बैलगाडीने जाणाऱ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांचा फरक कळतही नव्हता.

अडचण आगगाडीने केली. मुंबईहून निघालेली रेल्वे आपल्या अकोल्यावरून १८६७ साली नागपूरला पोहोचली. प्रत्येक स्टेशनावर वेगळे घड्याळ ठेवून गाडी चालवणार कशी? एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या यायच्या. म्हणून देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे. म्हणजे त्या काळी अकोल्याच्या माणसाचा सूर्य एक वेळ सांगे आणि स्टेशनावरचे घड्याळ तेरा मिनिटे पुढची. सूर्याच्या भरवशावर निघालेल्याची गाडी सुटत असणार.

असा घोटाळा सगळ्या जगात होता. सँडफर्ड फ्लेमिंग नावाचे कॅनडाचे रेल्वे इंजिनिअर होते. १८७६ साली आयर्लंडमध्ये त्यांची गाडी चुकली. वेळापत्रकात सकाळच्या जागी संध्याकाळ छापली गेली होती, असे सांगतात. इंजिनिअर साहेबांना रात्र स्टेशनावर काढावी लागली. पुढे जगासाठी एक सामायिक वेळ असावी म्हणून ज्यांनी जोर लावला, त्यांत फ्लेमिंग पुढे होते. ऑक्टोबर १८८४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे पंचवीस देशांची परिषद भरली आणि लंडनजवळच्या ग्रीनिच या गावाची रेषा शून्य धरायची असे ठरले. निसर्गाने ग्रीनिचला शून्य ठेवलेले नाही. त्या काळी जगातल्या बहुतेक जहाजांचे नकाशे ग्रीनिचवरून मोजलेले होते आणि इंग्रजांचे राज्य मोठे होते, म्हणून ते ठरले. म्हणून मी म्हणतो, घड्याळ हा माणसांनी बसून केलेला ठराव आहे. सभेचा ठराव जसा नीट वाचून घ्यावा लागतो, तसाच हाही.

आपल्या देशात हा ठराव १ जानेवारी १९०६ पासून आला. ८२.५ रेखांशाची रेषा मध्यावर धरली. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे. म्हणून साडेपाच तास. आपल्या वेळेतला हा अर्धा तास कुठून आला, याचे उत्तर या गुणाकारात आहे. आज ही वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते.

पण मुंबईच्या गिरणी कामगाराला त्या दिवशी काय झाले ते पाहा. मुंबईची जुनी वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. नव्या घड्याळात साडेपाच वाजले, की जुन्या घड्याळात ४ वाजून ५१ मिनिटेच झालेली. गिरणीचे तास नव्या वेळेने धरले म्हणजे कामगाराने रोज ३९ मिनिटे आधी, अंधारात उठायचे. त्याला कोणी विचारले नव्हते. जानेवारी १९०६ मध्येच जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. दगडफेक झाली. शहरातल्या पुढाऱ्यांनीही विरोध केला आणि मुंबईत पुढे कित्येक वर्षे दोन वेळा चालत राहिल्या, एक मुंबईची आणि एक सरकारी. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जुन्या वेळेचा हट्ट सुटला नव्हता. भेटायचे ठरवताना "कोणत्या टाइमाने?" असे विचारावे लागे.

आसामच्या चहाच्या मळ्यांत आजही बागानची वेळ म्हणून वेगळी वेळ चालते, आपल्या घड्याळापेक्षा एक तास पुढे. तिथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो, म्हणून मजुरांचे कामाचे तास उजेडात यावेत अशी ती सोय. मुंबईत घड्याळ पुढे गेले म्हणून कामगार चिडला, आसामात पुढे केल्याने कामाला उजेड मिळतो. घड्याळाचा काटा कोणाच्या सोयीने फिरतो, हे नेहमी पाहावे.

माझे वडील मिलमध्ये होते. आमच्या घरात घड्याळ नव्हते. सावतराम मिलचा भोंगा हेच आमचे घड्याळ. भोंगा झाला की आई चुलीवर तवा टाकायची. वेळ म्हणजे दुसऱ्याने वाजवायची आणि आपण धावायची, एवढेच त्या पिढीला माहीत. बाबासाहेब मजूर मंत्री असताना दुसरे महायुद्ध सुरू होते. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने युद्धासाठी देशाचे घड्याळ तासभर पुढे ठेवले होते. युद्ध संपले, घड्याळ मागे आले. त्यानंतर १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. तासांचा हिशेब मांडणारा माणूस आपल्या बाजूला असला म्हणजे काय होते, ते यात दिसते.

आणि परदेशातल्या वेळेचा विषय आपल्या समाजाला नवा आहे असेही समजू नका. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला पोहोचले. माता रमाई इकडे मुंबईत. न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजत, बाबासाहेब ग्रंथालयात बसलेले असत, तेव्हा मुंबईत प्रमाणवेळेने रात्रीचे साडेदहा. तेव्हा फोन नव्हता. पत्र जहाजाने यायचे, काही आठवडे लागायचे. त्यामुळे वेळेच्या फरकाने कोणाचे काही बिघडत नव्हते. आज एका सेकंदात चेहरा दिसतो, म्हणून फरक चुकला की नुकसानही तितक्याच लवकर होते.

आता हिशेबाची रीत सांगतो. आम्ही कॉमर्सवाले थेट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उडी मारत नाही. मध्ये खातेवही असते. इथे खातेवही म्हणजे ग्रीनिचची वेळ. हल्ली तिला यू.टी.सी. म्हणतात. आपल्या रोजच्या कामापुरते दोन्ही एकच समजा.

पहिली पायरी. पत्रातली वेळ, तारीख आणि गाव, तिन्ही कागदावर उतरवा.

दुसरी पायरी. त्या गावाची वेळ ग्रीनिचवर आणा. गाव ग्रीनिचच्या पुढे असेल तर तेवढे तास वजा करा, मागे असेल तर मिळवा.

तिसरी पायरी. आलेल्या वेळेत आपले साडेपाच तास मिळवा.

चौथी पायरी. तारीख तपासा. मिळवता मिळवता रात्रीचे बारा ओलांडले तर तारीख एकने वाढते. वजा करताना बारा मागे ओलांडले तर एकने कमी होते.

माझीच चूक या रीतीने मांडून पाहा. लंडन, जून महिना, सकाळी १० वाजता. उन्हाळ्यात लंडन ग्रीनिचच्या एक तास पुढे असते. हे वाक्य विचित्र वाटेल, कारण ग्रीनिच हे लंडनमध्येच आहे. पण ग्रीनिचची वेळ वर्षभर जागची हलत नाही, लंडनच्या लोकांची घड्याळे हलतात. १० मधून १ गेला, राहिले ९. त्यात साडेपाच मिळवले, दुपारचे अडीच. तारीख तीच. चार ओळींचा हिशेब. तो मी केला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरे उदाहरण. न्यूयॉर्कच्या आपल्या बांधवांनी ६ डिसेंबरला रात्री ८ वाजता महापरिनिर्वाण दिनाची अभिवादन सभा ठेवली आणि तुम्हाला घरून जोडून घ्यायचे आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क ग्रीनिचच्या पाच तास मागे. रात्रीच्या ८ मध्ये ५ मिळवले, म्हणजे ग्रीनिचला रात्रीचा १ आणि तारीख ७. त्यात साडेपाच मिळवले, सकाळचे साडेसहा. तुम्ही ६ तारखेच्या रात्री वाट पाहत बसाल आणि सभा होईल ७ तारखेच्या सकाळी.

उन्हाळी वेळेच्या तारखाही टिपून ठेवा. इंग्लंड आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. अमेरिका व कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ऑस्ट्रेलियात सिडनी-मेलबर्नकडे ऋतू उलटे, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. भारत, आखाती देश, श्रीलंका, थायलंड, जपान येथे असे घड्याळ फिरवत नाहीत.

आपल्या दोन मोठ्या दिवसांवरून हे चांगले लक्षात राहते. १४ एप्रिल तिकडच्या उन्हाळी वेळेत येतो, ६ डिसेंबर हिवाळी वेळेत. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. तिथे १४ एप्रिलला सकाळी अकरा वाजता कोणी फूल वाहिले तर आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. तेच ६ डिसेंबरला अकरा वाजता वाहिले तर साडेचार.

खालचे कोष्टक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वेळा भारताच्या हिशेबाने आहेत.

आपल्या मागे:
दुबई, अबुधाबी, मस्कत: दीड तास.
सौदी, कुवेत, कतार: अडीच तास.
जर्मनी, फ्रान्स: हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन तास.
लंडन: हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास.
न्यूयॉर्क, टोरांटो: हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास.
शिकागो: हिवाळ्यात साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा तास.
कॅलिफोर्निया: हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा तास.

आपल्या बरोबर: श्रीलंका.

आपल्या पुढे:
नेपाळ: पंधरा मिनिटे.
भूतान, बांगलादेश: अर्धा तास.
म्यानमार: एक तास.
थायलंड: दीड तास.
सिंगापूर, मलेशिया, चीन: अडीच तास.
जपान, कोरिया: साडेतीन तास.
सिडनी, मेलबर्न: त्यांच्या हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच तास.

लुंबिनीच्या सहलीला जाणाऱ्यांनी नेपाळची पंधरा मिनिटे विसरू नयेत. सीमा ओलांडली की घड्याळ पुढे करावे, नाहीतर परतीची बस निघून जाते.

आता खड्डे कुठे आहेत ते सांगतो.

पहिला खड्डा मुदतीचा. अर्जाची मुदत ३१ जानेवारीला रात्री ११:५९ अशी लिहिलेली असते. कुठल्या रात्री? विद्यापीठ न्यूयॉर्कचे असेल तर आपल्याकडे १ फेब्रुवारीच्या सकाळी १० वाजून २९ मिनिटांपर्यंत वेळ आहे. लंडनचे असेल तर १ तारखेच्या पहाटे ५:२९ पर्यंत. पण मेलबर्नचे असेल तर ३१ तारखेच्या संध्याकाळी ६:२९ लाच दार बंद. लेकरू "रात्री निवांत भरतो" म्हणत जेवायला बसेल आणि मुदत निघून गेलेली असेल. पूर्वेकडची मुदत आपल्या आधी संपते. म्हणून मी तर म्हणतो, शेवटच्या दिवसाची वाटच पाहू नका, दोन दिवस आधी भरा.

दुसरा खड्डा बारा वाजण्याचा. इंग्रजीत १२ ए.एम. म्हणजे मध्यरात्र आणि १२ पी.एम. म्हणजे भर दुपार. ३० तारीख १२ ए.एम. असे लिहिले असेल, तर ती ३० तारखेची सुरुवात आहे, म्हणजे आपण जिला २९ ची रात्र म्हणतो ती. याबाबत शंका आली तर पत्र लिहून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरा खड्डा अक्षरांचा. मी त्यातच पडलो. आय.एस.टी. ही अक्षरे भारताच्या वेळेला वापरतात, तशी आयर्लंडच्या आणि इस्रायलच्या वेळेलाही वापरतात. सी.एस.टी. म्हणजे शिकागोकडची वेळ, आणि चीनचीही. अक्षरांवर विसंबू नका, गावाचे नाव विचारा. मोबाईलच्या घड्याळात जागतिक वेळ दाखवायची सोय असते. तिथे लंडन, टोरांटो, मेलबर्न असे शहराचे नाव टाकले की उन्हाळा-हिवाळा मोबाईल स्वतः पाहून घेतो. मग कोणी विचारेल, मोबाईल सांगतो तर हा खटाटोप कशाला? कॅल्क्युलेटर आहे म्हणून आपण पाढे सोडले नाहीत. यंत्राने दाखवलेला आकडा बरोबर की चूक, हे ओळखण्याइतके ज्ञान आपल्या डोक्यात हवे. माझ्या खिशात त्या दिवशीही मोबाईल होता. मला शंका आली नाही, म्हणून मी तो पाहिला नाही. पाठ केलेल्या ज्ञानाचा हा धोका आहे. ते माणसाला शंका येऊ देत नाही.

या विषयात एक आनंदाची गोष्टही आहे. आपण १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता जयंतीचा जल्लोष करतो. त्या क्षणी टोकियोत १४ तारखेच्या पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कला १३ तारखेची दुपार, अडीच वाजलेले. सिडनीत १४ एप्रिल सुरू होतो तेव्हा आपल्याकडे १३ च्या संध्याकाळचे साडेसात. कॅलिफोर्नियात १४ एप्रिल संपतो तेव्हा आपल्याकडे १५ च्या दुपारचे साडेबारा. हिशेब करून पाहा. सिडनीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली जयंती सलग ४१ तास चालते. हे गणित गल्लीतल्या पोरांना घातले तेव्हा ती वहीवर तुटून पडली.

आता त्या मुलीचे सांगतो. वर्षभर तिने शिकवण्या घेतल्या. यंदा पुन्हा अर्ज केला, पुन्हा मुलाखतीचे पत्र आले. या वेळी ती माझ्याकडे वेळ विचारायला आली नाही, दाखवायला आली. कागदावर चार पायऱ्या मांडलेल्या होत्या, खाली भारताची वेळ आणि तारीख, त्याखाली दोन रेघा. शिवाय विद्यापीठाला पत्र लिहून, ही वेळ भारतात अडीच वाजता होते ना, असे तिने विचारून घेतले होते. तिकडून होकार आला होता. "काका, तपासून द्या," म्हणाली. मी दोनदा तपासला. बरोबर होता.

मुलाखत वेळेवर झाली. निकाल अजून यायचा आहे. तोपर्यंत तिने एक काम केले. वरचे कोष्टक मोठ्या कागदावर लिहून आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावले, आणि शेजारी दोन जुनी घड्याळे टांगली. एक आपल्या वेळेचे, एक ग्रीनिचचे. दुसऱ्या घड्याळाखाली लिहिले आहे, "यात साडेपाच मिळवा. तारीख पाहा."

माझे वडील भोंग्यावर उठायचे. त्यांना भोंगा कोण वाजवतो हे विचारायची सोय नव्हती. आपल्या लेकरांना ती आहे. परवा तिची आई अभ्यासिकेत आली होती. अक्षरओळख बेताची, पण घड्याळ कळते. दोन्ही घड्याळांकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. मग मला म्हणाली, "भाऊ, पोरगी गेली त मी इथं येऊन पाहत जाईन, तिकडं जेवाची वेळ झाली का नाही ते."

मी म्हटले, "वहिनी, उन्हाळ्यात एक तास धरून पाहा बरं."

"ते मले मालूम हाये," ती म्हणाली. "पोरीनं सांगतलं."

जयभीम!